रागांची छाननी: मुंबईचा वकील, लखनौचे कॉलेज

भातखंड्यांचे दहा थाट अपुरे आहेत, हे म्हणायला आता धाडस लागत नाही. संगीताच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही मधुवंतीचे स्वर मांडतो आणि विचारतो, हा कुठे बसवायचा? कोमल गंधार, तीव्र मध्यम आणि वर धैवत-निषाद शुद्ध, असा एकही थाट त्या दहांत नाही. पटदीप काफीत ढकलावा तर निषाद आडवा येतो. अहिर भैरव भैरव थाटात ठेवावा तर धैवत आणि निषाद दोन्ही जुळत नाहीत. आक्षेप खरा आहे आणि तो शंभर वर्षे या ना त्या रूपात घेतला गेला आहे. पण ज्या गोष्टीवर तो घेतला जातो ते भातखंड्यांचे मुख्य काम नव्हते, असे मला वाटते. थाट, म्हणजे रागाला लागणारे मूळ सप्तक, ही त्यांच्या पद्धतीतल्या अनेक अटींपैकी एक अट. जाती (आरोह-अवरोहातल्या स्वरांची संख्या), वर्ज्य स्वर, वादी (रागाचा मुख्य स्वर), पूर्वांग-उत्तरांग (सप्तकाचा खालचा आणि वरचा भाग), गाण्याची वेळ या बाकीच्या अटी तिला जोडल्या की मगच राग हाती लागतो. एकेका अटीला आधी नाव देऊन ती वेगळी जपून ठेवायची आणि मग नुसत्या नावांनी त्या अटी एकत्र लावायच्या, ही जोडणी त्यांची खरी कमाई. लखनौच्या कॉलेजाने ती हजारो सामान्य विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आणली, आणि त्याच कॉलेजाच्या परीक्षांनी तिचे नुकसानही केले. दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्याशिवाय या इतिहासाला न्याय मिळत नाही.

या जोडणीचे आजचे रूप पाहायचे तर गोमतीनगरच्या किंवा हिंजवडीच्या सॉफ्टवेअर कचेरीत पाहावे. कोणतीही मोठी प्रणाली चालू झाली की दोषांच्या, सूचनांच्या, अर्धवट राहिलेल्या कामांच्या नोंदी साचू लागतात. त्या सांभाळण्यासाठी मोझिला प्रकल्पातून १९९८ साली बगझिला आले, सिडनीच्या अ‍ॅटलासियन कंपनीने २००२ साली जिरा आणले. नोंदी हजारांवर गेल्या की एकेक उघडून पाहणे अशक्य होते, म्हणून शोधाची अट एकदा नीट लिहून, नाव देऊन जपून ठेवण्याची सोय या प्रणालींत असते. त्यालाच फिल्टर म्हणतात. ‘ग्राहकाकडून आलेल्या’, ‘पेमेंटच्या भागातल्या’, ‘महिनाभर कोणी हात न लावलेल्या’ असे तीन फिल्टर ‘आणि’ने जोडले की ज्या दहा-बारा नोंदींवर आज बसायला हवे त्याच समोर येतात. ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ हे तर्कशास्त्र जॉर्ज बूल यांनी १८५४ मध्ये मांडले होते. जिराच्या २००९ सालच्या चौथ्या आवृत्तीत शोधाची लिखित भाषा आली, आणि त्या भाषेत एका फिल्टरच्या आत दुसऱ्याचे नुसते नाव घातले तरी चालते. आतली व्याख्या बदलली की तिच्यावर उभ्या असलेल्या सगळ्या याद्या आपोआप बदलतात. फायदा हाच, आणि गोत्यात आणणारी गोष्टही हीच, कारण वरची यादी वापरणाऱ्याला खाली काय बदलले याचा पत्ता नसतो. या सगळ्याच्या मुळाशी एक साधी कबुली आहे: एक नोंद एकाच कप्प्यात राहू शकत नाही.

भातखंड्यांच्या आधी रागांची व्यवस्था नेमकी कप्प्यांची होती. सहा राग, प्रत्येकाच्या पाच किंवा सहा रागिण्या, पुढे पुत्र आणि पुत्रवधू. कोणती रागिणी कोणाची, याबद्दल हनुमत मत एक सांगे, शिवमत दुसरे, भरत मत तिसरे. चित्रकारांना ही कुटुंबे फार मानवली, रागमाला चित्रांची सगळी परंपरा त्यांच्यावर उभी आहे. पण गाणाऱ्याला त्यातून काही मिळत नव्हते, कारण रागिणीचे स्वर तिच्या ‘पती’च्या स्वरांशी जुळलेच पाहिजेत असा नियम नव्हता. पाटण्याच्या मुहम्मद रझा यांनी १८१३ च्या ‘नग्मात-ए-आसफी’त या गोंधळावर बोट ठेवले आणि बिलावलचे सप्तक शुद्ध मानले. वाजिद अली शाहांच्या काळातल्या लखनौच्या संगीताबद्दल मुहम्मद करम इमाम यांनी ‘मादन-उल-मूसीकी’ लिहिले. पुस्तकांबाहेर, वादकांच्या हातात, वेगळीच व्यवस्था चालू होती. चल थाटाच्या सतारीवर पडदे मोजके असतात. कोमल-तीव्र स्वरांसाठी ते वर-खाली सरकवून एकदा लावून घेतले की त्या मांडणीवर अनेक राग वाजवता येतात. त्या मांडणीलाच वादक थाट म्हणत. एकदा लावून ठेवलेली, पुन्हा पुन्हा कामी येणारी आणि कोणत्याही एका रागाच्या मालकीची नसलेली अट म्हणजे काय, हे त्यांना शास्त्राआधी ठाऊक होते.

विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १८६० सालचा, मुंबईच्या वाळकेश्वरचा. एल्फिन्स्टन कॉलेजात शिक्षण, १८८७ मध्ये कायद्याची पदवी, काही काळ कराचीत वकिली. सतार आणि धृपद ते मुंबईत शिकले आणि पारशी मंडळींनी काढलेल्या गायन उत्तेजक मंडळीत त्यांचा वावर होता. वकिलीचा उल्लेख येथे केवळ चरित्रापुरता नाही. परस्परविरोधी साक्षी ऐकायच्या, प्रत्येकीची नोंद ठेवायची आणि निकालाला पुरेल एवढा समान भाग काढायचा, ही सवय त्यांच्या पानोपानी दिसते. १९०४ साली ते दक्षिणेत गेले, एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितरांना भेटले आणि व्यंकटमखींच्या सतराव्या शतकातल्या ‘चतुर्दंडीप्रकाशिके’चा शोध त्यांना लागला. तिथे बहात्तर मेळांचे गणित तयार होते. प्रत्येक मेळातून किती राग निघू शकतात हा हिशेबही सरळ आहे. षड्ज कायम ठेवून बाकी सहा स्वरांतून काहीच न गाळण्याचा प्रकार एक, एक स्वर गाळण्याचे सहा, दोन गाळण्याचे पंधरा, एकूण बावीस. आरोहाचे बावीस आणि अवरोहाचे बावीस यांचा गुणाकार ४८४. त्याला बहात्तरांनी गुणले की ३४,८४८. प्रत्यक्षात मैफलीत गायल्या जाणाऱ्या रागांची संख्या दीडशे-दोनशेच्या पुढे फारशी जात नाही. गणिताने निर्माण होणारे बाकी सगळे कप्पे रिकामेच. भातखंड्यांनी हा हिशेब सांगितला, पण त्याच्या मोहात ते पडले नाहीत. हिंदुस्थानी पद्धतीत रिषभ, गंधार, मध्यम, धैवत आणि निषाद यांची दोन-दोन रूपे धरली तरी बत्तीस सप्तके होतात. त्यांतली जी प्रचारात भक्कम होती आणि ज्यांच्याभोवती राग गोळा झालेले दिसत होते, अशी दहाच त्यांनी ठेवली. जो फिल्टर लावल्यावर एकही नोंद येत नाही तो जपून ठेवण्यात अर्थ नसतो. दहा थाटांचा ‘अपुरेपणा’ येथून येतो, आणि तो अज्ञानातून आलेला नाही.

आता जोडणी कशी चालते ते एका उदाहरणात जवळून पाहू. मारवा, पूरिया आणि सोहनी. तिन्ही मारवा थाटातले, तिन्हींत रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम वर्ज्य. थाटाची अट लावली आणि ‘पंचम नाही’ ही अट जोडली तरी तिघेही एकाच यादीत राहतात. सोहनीत आरोहात रिषभ गाळतात, एवढा फरक जातीवरून निघतो. पुढची अट वादीची. मारव्यात वादी रिषभ, पूरियात गंधार, सोहनीत धैवत. येथे तिघे वेगळे झाले. मग वेळेची अट कशाला? भातखंड्यांच्या नियमाप्रमाणे वादी पूर्वांगात असेल तर राग दुपारपासून मध्यरात्रीपर्यंतचा, उत्तरांगात असेल तर मध्यरात्रीपासून दुपारपर्यंतचा. म्हणजे सोहनीचा धैवत सांगितला की तिची उत्तररात्रीची वेळ त्यातच येऊन जाते, आणि मारवा-पूरिया दोघे संध्याकाळचे असल्याने वेळ विचारून ते वेगळे होतही नाहीत. एकाच माहितीवर उभ्या असलेल्या दोन अटी जोडल्या की यादी लहान होत नाही, एवढे तर जिरा वापरणारा नवखाही पहिल्या आठवड्यात शिकतो. पण वादीबद्दल दोन गायकांचे मत वेगळे पडले तर वेळ साक्षीला येते. त्यामुळे वकिलाला ही दुसरी अट नकोशी वाटली नसावी. भूपाली आणि देशकार यांची गोष्ट याहून मजेची. स्वर तेच पाच, सा रे ग प ध, मध्यम आणि निषाद दोघांतही नाहीत. भूपालीचा वादी गंधार, वेळ रात्रीचा पहिला प्रहर, थाट कल्याण. देशकाराचा वादी धैवत, वेळ सकाळ, थाट बिलावल. कल्याण आणि बिलावल यांत फरक फक्त मध्यमाचा, आणि मध्यम तर दोघांतही नाही! तेव्हा हा थाट स्वरांवरून निघालेलाच नाही. चलन, अंग आणि वेळ पाहून तो मागाहून लावला आहे.

टीकाकार येथे थांबून म्हणतील की हेच तर आम्ही सांगतो, थाट कृत्रिम आहे. माझा निष्कर्ष उलट आहे. देशकार बिलावल थाटात घालताना भातखंड्यांनी थाट ही यांत्रिक मोजणी मानली नाही, ती इतर अटींशी जुळवून घेतली. त्यांच्या पद्धतीत ‘किंवा’ आणि ‘नाही’ यांनाही जागा आहे. वर्ज्य स्वर म्हणजे सरळ नकार. मध्यम आणि पंचम दोन्ही एकदम वर्ज्य असू नयेत हा नकारावर घातलेला नकार. जयजयवंतीत दोन्ही गंधार आणि दोन्ही निषाद येतात, म्हणून ती खमाजाच्या कुळातून काफीच्या कुळाकडे नेणारी ठरते, आणि अशा रागांना त्यांनी परमेलप्रवेशक म्हटले. दोन याद्यांत एकदम दिसणारी नोंद चुकीची न मानता तिला स्वतंत्र नाव देणे, हे कप्प्यांच्या व्यवस्थेत होऊच शकले नसते. वेळेच्या नियमात मध्यमाला त्यांनी वाट दाखवणारा स्वर म्हटले. भैरव आणि पूर्वी यांत सहा स्वर सारखे आहेत, भैरवाचा शुद्ध मध्यम तीव्र केला की पूर्वी होतो, आणि पहाटेचा संधिप्रकाश संध्याकाळचा होतो. हा नियम गळका आहे, हे तोडीवरून दिसते. तीव्र मध्यम असूनही तोडी सकाळची. पण गळती कुठे आहे हे दिसावे इतका स्पष्ट नियम असणे हीसुद्धा एक सोयच. रागिणींच्या कुटुंबात गळतीच नव्हती, कारण तिथे धरून ठेवायला नियमच नव्हता.

जगाच्या नकाशावर ही जोडणी कुठे बसते, तेही पाहायला हवे. ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ आणि मराठीतल्या ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चा पहिला भाग ही दोन्ही १९१० च्या आसपासची. एकाच वस्तूला अनेक बाजूंनी पाहून त्या बाजू चिन्हांनी जोडण्याची पद्धत ग्रंथालयशास्त्रात शियाळी रामामृत रंगनाथन यांनी कोलन वर्गीकरणाने मांडली ती १९३३ मध्ये, मद्रासेतून. दोघांचा परस्परांशी संबंध होता असे नाही आणि तसे सुचवायचेही नाही. दोघांपुढची अडचण मात्र सारखी होती: वस्तू खूप, नावांबद्दल मतभेद, आणि एका वस्तूला एकच जागा देणाऱ्या जुन्या व्यवस्थेचा कंटाळा.

हे सगळे पुस्तकांतच राहिले असते. ते लखनौला पोचले परिषदांमुळे. अखिल भारतीय संगीत परिषदा १९१६ मध्ये बडोद्याला सुरू झाल्या, दिल्ली आणि बनारसनंतर १९२४ आणि १९२५ च्या लखनौला झाल्या. त्यांतून १९२६ साली मॅरिस कॉलेज ऑफ हिंदुस्थानी म्युझिक उभे राहिले. संयुक्त प्रांताचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचे नाव त्याला मिळाले, पण खटपट दर्याबादचे तालुकदार राय उमानाथ बली आणि प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांची. अकबरपूरचे तालुकदार नवाब अली खान भातखंड्यांचे स्नेही. त्यांनी ‘मआरिफ-उन-नग्मात’ हा ग्रंथ लिहून ही पद्धत उर्दूत नेली. मुंबईच्या मराठी वकिलाची व्यवस्था अवधच्या उर्दू वाचकांपर्यंत एका मुसलमान तालुकदाराने पोचवली, हे या इतिहासात फार कमी सांगितले जाते. कॉलेज पुढे कैसरबागेतल्या परीखान्यात आले. वाजिद अली शाहांनी जिथे गायिका-नर्तकी तयार करवल्या तीच ही वास्तू. १८५६ मध्ये नवाबाला कलकत्त्याजवळ मटियाबुर्जला पाठवले गेले आणि शहराच्या गाण्याचा मोठा आश्रय तुटला. सत्तर वर्षांनी आश्रय परतला तो फी, हजेरी आणि वर्षअखेरच्या परीक्षेच्या रूपाने. १९२८ पासून श्रीकृष्ण नारायण रातंजनकर प्राचार्य होते. भातखंड्यांचे शिष्य, आणि बडोद्यात फैयाज खानांकडे शिकलेले. तबल्याला लखनौ घराण्याचे खलिफा आबिद हुसेन खान, सरोदला सखावत हुसेन खान, पुढे व्हायोलिनला वि. गो. जोग. चिन्मय लाहिरी, सुमती मुटाटकर, कृ. गुं. गिंडे, दिनकर कायकिणी यांच्यासारखे गाणारे-शिकवणारे तेथून निघाले, आणि तलत महमूद व संगीतकार रोशन यांच्यासारखे सिनेमावालेही.

वर्गात शिकवण्याची युक्ती लक्षणगीतात होती. ज्या रागाची लक्षणे सांगायची त्याच रागात बांधलेली चीज, आणि तिच्या शब्दांतच थाट, वर्ज्य स्वर, वादी, वेळ. ‘चतुर’ या मुद्रेने भातखंड्यांनी अशी लक्षणगीते बरीच रचली. चीज पाठ झाली की अटी पाठ झाल्या, शिवाय त्या ज्यासाठी आहेत ते चलनही गळ्यात बसले. स्वरलिपी त्यांनी सोपी ठेवली: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्राला खाली टिंब, तार स्वराला वर. सहा भागांच्या ‘क्रमिक पुस्तकमालिके’त घराण्यांच्या चिजा या लिपीत छापल्या गेल्या. गंडा न बांधलेल्या मुलामुलींपर्यंत त्या पहिल्यांदा पोचल्या, हे सामाजिक अंगाने मोठेच काम. (जाता जाता एक गंमत: मराठी ग्रंथ त्यांनी विष्णुशर्मा या नावाने लिहिला आणि त्यात चतुर पंडितांचे संस्कृत श्लोक प्रमाण म्हणून दिले. दोन्ही पंडित तेच. एका फिल्टरने दुसऱ्याला नावाने बोलावण्याचा हा नमुना थोडा धूर्तपणाचा आहे.)

या पद्धतीवरचा सर्वांत जड आक्षेप असा की राग म्हणजे अटींची बेरीज नाही. मारवा ऐकताना रिषभ आणि धैवत यांवर थांबण्याची जी ओढ लागते, षड्ज टाळत राहण्याने जी हुरहूर तयार होते, ती कोणत्या रकान्यात लिहायची? हे मान्यच आहे. शिवाय मारव्याचा कोमल रिषभ आणि शुद्ध धैवत यांच्यात शास्त्राला हवा तो संवादही नाही, तरी पुस्तकात ते वादी-संवादी म्हणून येतात. पण फिल्टरचे काम नोंद शोधून समोर ठेवण्याचे, नोंद वाचण्याचे नव्हे. दोष कोणता हे सांगणारी यादी दोष दुरुस्त करत नाही, म्हणून तिला कोणी निरुपयोगी ठरवत नाही. भातखंड्यांनी लक्षणांबरोबर चिजा दिल्या आणि शिकवायला गवई नेमले, यावरून त्यांनाही हा फरक कळत होता असे दिसते. पुढच्या पिढ्यांनी लक्षण पाठ करून परीक्षा दिली आणि चीज गाळली, तर त्याचा दोष रकान्यांच्या माथी मारणे बरे नाही.

दुसरा आक्षेप राजकीय आहे आणि तो सहज झटकता येत नाही. जानकी बखले यांनी २००५ च्या ‘टू मेन अँड म्युझिक’ या पुस्तकात दाखवले की उस्तादांना शास्त्र कळत नाही हा भातखंड्यांचा ग्रह त्यांच्या लेखनात उघडपणे येतो, आणि त्यांच्या राष्ट्रीय संगीताच्या कल्पनेत उस्तादांचे स्थान हळूहळू आकसत गेले. लखनौच्या कॉलेजात शिकवणारे उस्ताद होते, पण प्रश्नपत्रिकेची भाषा पंडितांची होती. ज्याच्या गळ्यातून लक्षण काढले त्यालाच ते लक्षण पुस्तकातून विचारायचे, यात एक अन्याय आहे. मी एवढेच म्हणेन की हा अन्याय अटी जोडण्याच्या रीतीचा नाही, अटी ठरवण्याचा अधिकार कोणाकडे गेला याचा आहे. नवाब अलींसारख्यांच्या हाती हीच रीत उर्दूत सहज नांदली. रामपूर दरबारच्या गाण्याशी भातखंड्यांचा शिष्याचा संबंध होता, आणि तिथून मिळालेल्या सामग्रीशिवाय त्यांच्या याद्या फार लंगड्या झाल्या असत्या. अधिकाराचा प्रश्न मात्र तसाच उरतो. सॉफ्टवेअर कचेरीतही सगळ्यांनी वापरायचा फिल्टर बदलण्याची मुभा कोणाला, यावरून भांडणे होतात.

तिसरी अडचण पद्धतीच्या आतलीच आहे आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटते. थाटाला नाव दिले आश्रयरागाचे, आणि आश्रयरागाची ओळख सांगितली थाटाने. मारवा थाट मारवा रागावरून ओळखला जातो, पण थाटात पंचम आहे आणि रागात नाही. जिरात एखादा फिल्टर फिरून स्वतःवरच आला तर प्रणाली शोध चालवायलाच नकार देते, संगीताच्या अभ्यासक्रमात असा नकार देणारे कोणी नव्हते. याच्या जोडीला शिळेपणा. भातखंड्यांनी ललत शुद्ध धैवताचा धरून मारवा थाटात ठेवला. आज बहुतेक गायक कोमल धैवताचा ललत गातात, म्हणजे थाट पूर्वीकडे सरकला. राग बदलला, फिल्टर तसाच राहिला, आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्या गुण दिले गेले. याला उत्तर खुद्द भातखंड्यांपाशी आहे. १९१० ते १९३२ या काळात निघालेल्या त्यांच्या चार मराठी भागांत गुरू-शिष्यांचा संवाद चालतो, आणि त्यात रागागणिक मतभेद नोंदलेले आहेत: कोणी अमुक स्वर वादी मानतात, कोणी तो वर्ज्य करतात, ग्रंथात एक आहे, प्रचारात दुसरे. म्हणजे अट जपताना तिच्याबद्दलची तकरारही त्यांनी जपली होती. परीक्षेला एकच उत्तर हवे असते, म्हणून लखनौत आणि लखनौसारख्या सगळ्या परीक्षांत ती तकरार गळाली. माझ्या मते त्या कॉलेजाची मोठी चूक ही, दहा थाट शिकवणे ही नव्हे.

कॉलेज १९६६ मध्ये सरकारकडे गेले आणि त्याला भातखंड्यांचे नाव मिळाले, २००० साली ते अभिमत विद्यापीठ झाले, २०२२ पासून भातखंडे संस्कृति विश्वविद्यालय आहे. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना आता एवढे करता येईल: प्रत्येक रागापुढच्या थाट, वादी आणि वेळ या रकान्यांत हे मत कोणाचे आणि कधीचे, हेही छापावे, आणि ‘ललतचा थाट सांगा’ असे विचारण्याऐवजी ‘ललतचा थाट का बदलला’ असे विचारावे. हे नवे काही नाही, मूळ ग्रंथात ते होतेच. लखनौचे विद्यार्थी तो ग्रंथ हाथरसच्या संगीत कार्यालयाने छापलेल्या हिंदी अनुवादातून वाचतात. मराठी वाचकाला तेवढ्या अनुवादाचीही गरज नाही. चारही भाग त्याच्याच भाषेत लिहिलेले आहेत, त्यांतला पहिला तरी त्याने काढून वाचावा.